एका बाजूची काच

भेगेवर चिकटवलेली काच बोटाएवढी लांब होती आणि नखाहून थोडी जाड. सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याची साल ठेवायला वापरतात, तसलीच पट्टी. तिची दोन टोकं भेगेच्या दोन बाजूंना सिमेंटच्या टिकल्यांनी धरलेली होती. भिंत जागची हलली नाही तर काचेला काही होत नाही. केसाइतकी हलली तरी ती मधोमध तडकते, कारण काचेला ताण सोसत नाही. थोडं वाकून वेळ मारून नेणं लाकडाला जमतं, लोखंडाला जमतं, माणसाला तर जमतंच. काचेला जमत नाही.

नववीच्या वर्गानं ही पट्टी लावली होती. रोज सकाळी ती बघायचं काम गवंड्याच्या मुलीकडे होतं. तिला वर्गात सगळे फूटपट्टी म्हणत. अंगानं तशीच, सरळ आणि सडपातळ, आणि हाताला येईल ते मोजायची खोड. शेळीचे कान मोजून तिनं बाईंना दाखवले होते. डावा उजव्यापेक्षा लांब निघाला, तेव्हा बाईंनी अख्ख्या वर्गाला गावभर शेळ्यांचे कान मोजायला पाठवलं होतं.

शाळा तशी सरकारी, आठवी ते दहावी. दोन खोल्या आणि एक पत्र्याची शेड. पण शिकवायची रीत वेगळी होती. एका खोलीत कचेरी आणि सामान; दुसरीला बाईंनी ‘करून बघायची खोली’ असं नाव दिलेलं. तिथं मुलांनी मातीच्या चुली घडवून कुठली किती लाकूड खाते ते पाहिलं होतं, मोडक्या सायकलीच्या चाकावर पाणी उपसलं होतं, आणि गवंड्याला बोलावून त्याच्याकडून विटांचा ओटा बांधायचं शिकून घेतलं होतं. गावातले लोक शाळेला चिखलशाळा म्हणत. तरी पोरं, आणि विशेष म्हणजे पोरी, तिथं टिकून होत्या. पुढची शाळा मोठ्या रस्त्यापलीकडे, गाडीशिवाय न पोचण्याजोगी. आणि गाडी नव्हती.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही म्हटलं तरी चालेल. काळी जमीन आतून सुकत गेली आणि आकसली. रानात अशा भेगा पडल्या की शेळीचा पाय अडकावा. मग शाळेच्या कोपऱ्याखालची जमीनही आकसली आणि करून बघायच्या खोलीच्या भिंतीवर, खिडकीच्या कोपऱ्यापासून वरपर्यंत, एक रेघ उमटली. आधी सुतासारखी. मग तीत नख जायला लागलं. मग पेन्सिलीचं टोक.

मुलांनी काच लावली, ती फुटली. दुसरी लावली, तीही फुटली. बाईंनी विचार केला की कोपऱ्याची माती ओली ठेवली तर ती फुगेल आणि भिंत सावरेल. मग प्रत्येक पोरगं घरून तांब्याभर पाणी आणून कोपऱ्यात ओतायला लागलं. आठवडाभर हे चाललं. कोपरा फुगला, बाजूची जमीन सुकीच राहिली, आणि भेग होती त्याहून रुंद झाली. शिवाय गावातून बोंब उठली: “माणसाला प्यायला नाही, आणि या भिंतीला पाजतायत!”

बाईंनी पाणी थांबवलं. त्या दिवशी त्या वर्गाला म्हणाल्या, “आपला प्रयोग चुकला. का चुकला ते लिहा.” पोरांनी लिहिलं. भेग होती तिथंच राहिली.

*

पाणी नाही म्हणजे बांधकाम नाही. गवंड्याची थापी खुंटीला लागली होती. तो आणि त्याची बायको दोघं सुकलेल्या तळ्यातला गाळ काढायला जात. तो कुदळ मारायचा, ती घमेलं उचलून काठावर टाकून यायची. वरचा थर दगडासारखा, खालचा चामड्यासारखा. कुदळ रुतली की निघायची नाही. ओढताना खांद्यातून कळ जायची. बायकोच्या डोक्यावरच्या चुंबळीखालचे केस झिजून विरळ झाले होते.

दुपारी ती दोघं काठावर बसली असताना मेव्हणा आला. तो लांबच्या शहरात इमारतींच्या कामावर माणसं पुरवायचा. टेम्पो रस्त्यावर उभा करून, पँट वर धरत तो ढेकळांतून खाली उतरला.

“काय दाजी, तळं खोल करताय की स्वतःसाठी खड्डा?”

“ये. बस.”

“बसायला वेळ कुणाला आहे? माणसं भरतोय. तुमचं काय ते सांगा. तिघं आलात तर खोली मिळते राहायला. दोघांना नाही देत मालक, दोघांना पत्र्याखाली झोपावं लागतं, शंभर माणसांत.”

“पोरीची शाळा आहे,” गवंडी म्हणाला.

“शाळा!” मेव्हणा बहिणीकडे वळला. “ताई, त्या शाळेत करतात काय? माती कालवतात, विटा रचतात. तेच तिथं करेल. इथं फुकट करते, तिथं रोज मिळेल.”

बायको पदरानं मान पुसत म्हणाली, “तू दहावीला तीनदा बसलास, तेव्हा आम्ही काही बोललो का?”

“म्हणून तर सांगतोय! मला काय कमी पडलं?”

“अक्कल,” बायको म्हणाली.

मेव्हणा हसला. मग हसू आवरून म्हणाला, “पुढची खेप घेऊन जाईन तेव्हा शेवटचं. नंतर जागा नाही. बोला दाजी, किती धरू?”

गवंड्यानं कुदळीच्या पात्याला चिकटलेला गाळ काडीनं खरवडला.

“बघू,” तो म्हणाला.

टेम्पो गेल्यावर बायको घमेलं उचलत पुटपुटली, “बघू, बघू. लग्न झाल्यापासून बघतायत. डोळे आहेत की दुर्बीण?”

*

बाईंनी त्याला शाळेत बोलावलं ते मुलं घरी गेल्यावर. त्या करून बघायच्या खोलीत एकट्या बाकावर बसल्या होत्या. बाई बारीक चणीच्या. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.

“मिस्त्री, तपासणीला साहेब येणार आहेत. इंजिनियर. भिंत बघणार.”

“बघू देत की.”

“धोक्याची म्हणाले तर खोली बंद. खोली बंद म्हणजे जागा पुरत नाही, आणि मग शाळाच रस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत विलीन. वरचे लोक याच कारणाची वाट बघतायत.”

गवंडी भेगेजवळ गेला. त्यानं करंगळी आत घातली. आत गार होतं.

“बाई, हे पायातून आलंय. वरून भरून काय होणार?”

“मला माहीत आहे,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी सपाट होता. “पाऊस आला की जमीन फुगेल, भेग मिटेल. तेवढे दिवस निघाले पाहिजेत. दहावीच्या मुलींची परीक्षा निघाली पाहिजे. नवीन खोलीसाठी मी चार वर्षं मागे लागलेय. भेग दाखवायची तर शाळा जाते, नाही दाखवायची तर खोली मिळत नाही. इकडे आड, तिकडे विहीर. आणि विहिरीलाही पाणी नाही.”

दोघं थोडंसं हसले.

“पाऊस येईपर्यंत मुलांना या खोलीत बसवणार नाही,” बाई म्हणाल्या. “साहेब येऊन जाईपर्यंत टिकलं की झालं. तुम्ही भरून द्या. द्याल ना?”

“बघू,” गवंडी म्हणाला. आणि दोन दिवस पुढं ढकलून, तिसऱ्या दिवशी थापी घेऊन गेला.

भेग भरायची तर आधी ती खरवडून मोठी करावी लागते. त्यानं छिन्नीनं सैल झालेला गिलावा पाडला, आतली धूळ कुंच्यानं झाडली. मग भिंत भिजवायला हवी. कोरडी वीट सिमेंट-वाळूच्या मसाल्यातलं पाणी शोषून घेते आणि मसाला धरत नाही. पाणी त्यानं घरून आणलं होतं. ते आणताना बायको दारात आडवी उभी राहिली होती.

“हे उद्याचं पाणी आहे.”

“माहीत आहे.”

“मग उद्या काय पिऊ? तुमचा मसाला?”

पण तिनंच हंडा उचलून त्याच्या खांद्यावर ठेवला होता.

पोरं शेडमधून पळत बघायला आली. एकानं विचारलं, “मिस्त्रीकाका, भिंतीला टाके घालताय का?” दुसरं म्हणालं, “भूल दिली का तिला?” फूटपट्टी हसली नाही. ती मसाल्याचं घमेलं धरून उभी राहिली आणि बाप मागेल तसं ते पुढं करत राहिली. तिनं एकदाच विचारलं, “बाबा, हे धरेल?”

“दाबून भरलं की धरतं.”

तो आतपर्यंत दाबत गेला. मग त्यानं वरून लाकडी फळीनं घासून सपाट केलं, भराव लगेच सुकू नये म्हणून ओली पोती लटकवली. वाळल्यावर चुना मारला. भिंत नवरीसारखी दिसायला लागली.

त्यावर फूटपट्टीनं नवी काच लावली. शाळेत उरलेल्या पट्ट्यांतली ती शेवटची होती. तिनं कुणाला जवळ येऊ दिलं नाही. म्हणाली, हात लागला तर टिकली ओली असताना सरकेल.

*

काच फुटली नाही. दिवस गेले, आठवडा गेला, काच तशीच. ऊन इतकं वाढलं की शेडच्या पत्र्याखाली पोरांच्या नाकातून रक्त यायला लागलं. बाई रोज भिंतीपाशी जाऊन काचेकडे बघायच्या. शेवटी एक दिवस त्यांनी नववी आणि दहावी आत आणून बसवली. गवंड्याला रस्त्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “मिस्त्री, तुमच्या हाताला यश आहे.”

गवंडी ते वाक्य घेऊन घरी गेला आणि जेवताना सहज सांगावं तसं त्यानं ते बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “यशाला जरा पाणी भरायला पाठवा.” पण त्या संध्याकाळी तिनं भावाला निरोप धाडला की आमचं अजून ठरत नाही. फूटपट्टी ताटाकडे बघत होती. तिनं काही मोजलं नाही.

मग बाईंचा निरोप आला: खोलीचं दार अडतंय, जरा तासून द्या.

तो रंधा घेऊन गेला. शाळा सुटलेली होती. दार वरच्या कोपऱ्यात चौकटीला घासत होतं. लाकूड सोलून पांढरं झालेलं. उन्हाळ्यात लाकूड सुकतं. सुकलेलं दार सैल व्हायला हवं. हे अडत होतं. म्हणजे दार नव्हे, चौकट तिरकी झाली होती; आणि चौकट त्याच भिंतीत बसवलेली होती.

गवंड्यानं रंधा खाली ठेवला. तो काचेपाशी गेला. काच शाबूत. बाजूच्या चुन्यावर, नीट तिरकं बघितलं की दिसावी अशी, सुताएवढी रेघ पुन्हा आली होती. ती काचेच्या खालून गेली होती. काच फुटायला हवी होती.

त्यानं बोटानं काचेचं उजवं टोक ढकललं. ते हललं. टिकली काचेला धरून होती, पण भिंतीवर नुसती टेकली होती; सरकत होती. त्यानं बोट नाकाशी नेलं.

जळकं ऑइल.

स्लॅबच्या फळ्यांना लावायचं. फळीला ते फासलं की काँक्रीट तिला चिकटत नाही, फळी अलगद सुटते. घरी कोपऱ्यात त्याचा डबा पडून होता. मागं त्याच्या झाकणावर बोटांचे ठसे दिसले होते. बायकोनं कडी-कोयंड्याला लावलं असेल, असं समजून तो विसरून गेला होता. बोटं बारीक होती, हे आता त्याला आठवलं.

तो बाकावर बसला. मग उठून त्यानं दार जमेल तेवढं तासलं आणि तो घरी निघाला.

वाटेत पाण्याच्या टाकीपाशी फूटपट्टी हंडा घेऊन रांगेत उभी होती. त्यानं हंडा तिच्या हातातून घेऊन रांगेत जमिनीवर ठेवला आणि तिला बाजूला नेलं.

“याच्या आधी एक काच फुटली होती ना? कधी?”

तिनं रांगेकडे बघितलं.

“मी विचारतोय.”

“तुम्ही भरलंत त्याच आठवड्यात. पोती काढायच्या आधीच एक लावून बघितली होती मी. ती फुटली.”

“आणि मग ऑइल?”

“तुम्हीच सांगितलं होतं. ओटा बांधताना. तेल लावलं की धरत नाही.”

सगळ्या वर्गात तिनंच ते लक्षात ठेवलं होतं.

“बाईंना माहीत आहे?”

“नाही. बाईंनी काच बघूनच आत बसवलं. मी नको म्हणत होते, पण का नको ते सांगता येईना.” ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. “भिंतीच्या खालच्या बाकावर मी बसते. दुसऱ्या कुणाला बसू देत नाही. पडली तर...”

“पडली तर काय?”

“थोडी थोडी पडेल आधी. मी बघत असते ना. आवाज आला की सगळ्यांना सांगेन.”

“अगं, भिंत सांगून पडते का?”

“पाऊस आला की मिटेल. बाई म्हणाल्यात.” मग एकदम मान वर करून म्हणाली, “बाबा, मी मामाच्या टेम्पोत जाणार नाही. साहेब येऊन गेले की मी स्वतः सांगते बाईंना. तोवर सांगू नका. सांगाल?”

रांगेतून कुणीतरी ओरडलं, “ए, हंडा कुणाचा? पुढं सरकवा, नाहीतर लाथाडतो!”

“बघू,” गवंडी म्हणाला आणि हंडा सरकवायला गेला.

*

साहेब आले ते ऊन चढल्यावर. तरुण माणूस, मानेवर ओला रुमाल, चेहरा थकलेला. आधी शेड पाहिली. पत्र्याला हात लावून झटकन मागं घेतला. मग करून बघायच्या खोलीत आले. बाईंनी गवंड्याला बोलावून ठेवलं होतं. तो दाराशी चपला काढून उभा होता. आज त्याला सांगायचं होतं. सकाळी उठल्यापासून वाक्य तोंडात घोळत होतं, तंबाखूसारखं. थुंकायला जागा मिळत नव्हती.

साहेबांनी भिंतीवर बोटाच्या पेरांनी ठकठक केलं. मग त्यांना काच दिसली.

“अरे वा! ही कुणाची कल्पना?”

“मुलांची,” बाई म्हणाल्या.

“कोण सांगेल, ही कशासाठी?”

वर्गानं एका सुरात सांगितलं, “फूटपट्टी!” आणि साहेब बुचकळ्यात पडले तेव्हा सगळे हसले. ती भिंतीखालच्या बाकावरून उठली. हात मागं बांधून तिनं सांगितलं, स्वच्छ, अडखळल्याशिवाय. ताण म्हणजे काय, काच का वाकत नाही, दोन्ही टोकं का धरायची.

“आणि काच शाबूत आहे, म्हणजे?”

“म्हणजे भिंत हललेली नाही.”

बापाकडे तिनं बघितलं नाही. गवंड्याला वाटलं, एवढं चांगलं उत्तर त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं.

साहेब खूश झाले. “बाई, मोठ्या शाळांत असं काही बघायला मिळत नाही. ठीक आहे, खोली चांगली आहे. पण त्या पत्र्याखाली मुलं भाजून निघतील. आठवीलाही इथंच आणा. या भिंतीशी जागा आहे, इथं खाली बसतील. बोलवा, मी डोळ्यांनी बघूनच जातो.”

बाईंनी शेडकडे हाक दिली. आठवीची पोरं दप्तरं सांभाळत, ढकलाढकली करत आत आली. एक ठेंगणा मुलगा गार भिंतीला गाल लावून म्हणाला, “आई गं, काय थंड!” आणि लगेच तिथं पाठ टेकून बसायला पाच-सहा जण धावले. फूटपट्टी त्यांच्या पुढं आडवी झाली. “इथं नाही. इथं मी बसते.”

“तुझ्या बापाची आहे का भिंत?”

सगळे हसले. एकानं दाराशी उभ्या बापाकडे बोट दाखवलं. साहेबही हसले आणि तिकडे वळले. “काय मिस्त्री, बापाचीच आहे ना? तुम्हीच केलंय म्हणे हे. बरोबर आहे ना सगळं?”

गवंडी पोरीकडे बघत होता. तिनं दोन्ही हात पसरले होते, कोंबड्या अडवतात तसे, आणि पोरं तिच्या काखेखालून शिरत होती.

तो आत आला. पोरांवरून वाकून त्यानं काचेचं उजवं टोक धरलं आणि ओढलं. टिकली आवाज न करता सुटून आली.

“काच मी लावली साहेब. एका बाजूनं तेल लावून. भिंत हलतेय.” त्यानं ठेंगण्या पोराला दंडाला धरून उभं केलं. “पोरांना बाहेर काढा.”

बाईंनी चष्मा काढला आणि हातात धरून उभ्या राहिल्या. मग पहिल्यांदा त्याच बोलल्या, “आठवी, उठा. दप्तरं उचला. पळायचं नाही.” साहेबांनी आवाज चढवला, गुन्हा आहे, कळतं का, लहान मुलांच्या जिवाशी खेळ आहे हा, असं बरंच बोलले. गवंडी ‘हो साहेब’ म्हणत राहिला. फूटपट्टी म्हणाली, “साहेब, ते—” आणि त्यानं तिच्याकडे असं बघितलं की ती पुढचं गिळून बसली.

दुपारपर्यंत खोलीला कुलूप लागलं. शाळा विलीन करायची का ते वर कळवतो, असं सांगून साहेब गेले. बाई ओट्यावर बसल्या होत्या, मुलांनीच बांधलेल्या. गवंडी समोरून गेला तेव्हा म्हणाल्या, “टिकलीखाली एकदा नख लावलं असतं तरी कळलं असतं मला.” थोड्या वेळानं म्हणाल्या, “लावलं नाही.”

*

मेव्हण्याचा टेम्पो गेला तो तीन दिवसांनी, सकाळी. मागं माणसं गाठोड्यांवर बसलेली, एक म्हातारा उभ्यानंच दांडी धरून. बायको घराच्या दारात होती. तिनं भांडी पोत्यात भरली होती, पण पोत्याचं तोंड बांधलं नव्हतं.

फूटपट्टी उंबऱ्यावर बसली होती. तिच्या हातात ती काच होती, कुलूप लागायच्या आधी तिनं चुन्यासकट सोडवून आणलेली, अजून अख्खी, दोन्ही टोकांना टिकल्या असलेली. एक टिकली ती नखानं सुटी करत होती.

“दाजी, गाडी चालू ठेवलीय, डिझेल जळतंय,” मेव्हणा टेम्पोतूनच ओरडला. “किती धरू? आता बघू म्हणू नका हां!”

गवंड्यानं थापी, ओळंबा आणि रंधा एका फडक्यात गुंडाळले. पोत्याचं तोंड आवळून गाठ मारली. पोतं उचलून टेम्पोत टाकलं. मग पुढच्या खिडकीशी जाऊन तो म्हणाला,

“तिघं. पोरीला मागं नको. पुढं, तुझ्याजवळ बसव.”